दुसरी टक

घरात माणसं बसतात ती एकमेकांकडे तोंड करून, निदान दाराकडे तरी. धाकटीचे बाबा घराकडे पाठ करून बसायचे. खुर्ची भिंतीपासून हातभर लांब, तोंड भिंतीला, पाठ साऱ्या संसाराला. दोन्ही मुठी मांडीपासून जराशा उचललेल्या, अंगठे वर. मुठींत काही नसायचं. तरी बघणाऱ्याला वाटायचं, काहीतरी धरलंय आणि ते ओढ खातंय.

धाकटी नावाचीच धाकटी. कानांमागून पांढरं उतरायला लागलं होतं, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. पण थोरली बहीण असेपर्यंत माणूस धाकटंच राहतं. थोरली सासरी, दूर. आई जाऊन युग लोटलं. घरात बाप आणि लेक, दोघंच. लेक शाळेची बस चालवायची. सकाळी भरून न्यायची, दुपारी भरून आणायची, आणि उरलेल्या वेळात बापाला उचलायची. खुर्चीवरून न्हाणीघरात, न्हाणीघरातून खुर्चीवर. काखेत हात घातले की बाप किती उरलाय ते तिच्या हातांना कळायचं. मागच्या थंडीत भरल्या पोत्याएवढा होता, आता ओल्या ब्लँकेटएवढा झाला होता. बाळाचं रडणं आईच्या कानाला पाठ असतं, तसं ते वजन तिच्या हातांना पाठ होतं.

दुखणं एकच. बाप आडवा होत नव्हता. पलंगावर निजवला की उठून बसायचा, भिंत धरधरून खुर्ची गाठायचा. झोप म्हणजे खुर्चीतली डुलकी, तीही मुठी न सोडता. पाय सुजून भोपळे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी बोटाने नडगी दाबली. खळगा पडला तो पडूनच राहिला.

"पाठ टेकायला हवी," त्या म्हणाल्या. "असेच बसून राहिले तर हृदय दमेल. औषध मी हवं तेवढं लिहून देईन हो, पण आडवं होणं काही दुकानात मिळत नाही."

त्या गेल्यावर धाकटी बापाच्या पाठीशी उभी राहिली. समोर जायला जागाच नव्हती, समोर भिंत.

"बाबा, ऐकलंत ना? आडवं का होत नाही तुम्ही?"

"मागे माणूस बसलंय."

"कोण?"

"कोण ते आपण विचारायचं नसतं. आपण हाकायचं."

"मग हाका की."

बापाने मुठी जराशा सारख्या केल्या. मग म्हणाला, "खूण झाली नाही अजून."

तरुणपणी तो राजघराण्याचा कोचमन होता. पुढे राजे गेले, घोडे विकले गेले, गाड्या झाकून ठेवल्या, आणि कोचमन एका गोदामाचा रखवालदार झाला. त्या दिवसांबद्दल तो फारसं बोलत नसे. लेकींना त्यातलं मिळालं ते एक गाणं आणि एक वाक्य. वाक्य असं, की कोचमनने पुढे बघावं, डावीकडे बघावं, उजवीकडे बघावं. मागे बघू नये. मागे बसलेला हसो, रडो, भांडो, कोचमनला त्याच्याशी देणंघेणं नाही. "मान वळली की मान गेला," तो म्हणायचा, आणि लहानपणी दोघी बहिणी कितीतरी वेळ या कोड्याला हसत बसायच्या, की एकच शब्द गळ्यावर पण असतो आणि पगडीत पण.

धाकटी बस चालवायला लागली तेव्हा बाप एकदाच तिच्या गाडीत बसला होता. डोक्यावरचा लांब आरसा पाहून त्याचं तोंड कडू झालं. "हे काय? मागच्यांवर नजर ठेवून गाडी हाकतेस?"

"पोरं आहेत ती, बाबा. एकमेकांचे डोळे काढतील."

"काढू दे. तुझं काम रस्ता."

एक गोष्ट मात्र त्याला पसंत पडली होती. सगळी पोरं चढली की मदतनीस बाई बाहेरून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ते ऐकून बापाने मान डोलावली होती. "हे बरंय. हे आमच्यासारखंच आहे."

त्या दिवशी फोनवर थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या नेहमीच्या सुरात, जणू दुसऱ्याच्या पातेल्यात मीठ टाकावं तशी, म्हणाली, "अगं, त्यांच्या त्या गाड्या ठेवल्यात ना आता संग्रहालयात. घेऊन जा. रिकामी गाडी एकदा डोळ्यांनी बघितली की उतरेल डोक्यातून."

"ताई, ते डोक्यात नाही बसलेलं. पाठीवर बसलंय."

"मग पाठीवरून उतरेल. तू ने तर खरं. का मी येऊ तिथून तुला वाट दाखवायला?"

धाकटीने सुट्टीचा दिवस धरला. दवाखान्यातून चाकांची खुर्ची आणली, बापाला उचलून तीत ठेवलं, गुडघ्यांवर शाल टाकली. रस्त्यावर आल्यावर बाप पहिल्यांदा बोलला.

"जन्मात असं बघितलं नाही. घोडं मागून ढकलतंय."

"घोड्याला बोलू नका. घोडं दमलंय."

"खरारा करायला हवा होता सकाळी," बाप म्हणाला, आणि धाकटीला फार दिवसांनी हसू आलं.

संग्रहालय म्हणजे जुनी पागाच. लांबच लांब दालन, विटांची जमीन, मधून घोड्यांचं पाणी वाहून जायला केलेला पन्हाळ. भिंतींत लोखंडी कड्या अजून होत्या, त्यांना आता काहीच बांधलेलं नव्हतं. बाहेर ढगाळ दुपार होती आणि उंच खिडक्यांतून येणारा उजेड धुतल्या तांदळाच्या पाण्यासारखा होता. माणूसबिणूस नाही. दारापाशी पहारेवाली बाई स्टुलावर बसून एक बाही विणत होती. पायांत लोकरीचे जाड मोजे, पायांखाली गोणपाट.

"या," ती म्हणाली. "हात लावू नका, सोनं निघतं. सोनं म्हणजे रंग हो. सोनं केव्हाच निघून गेलं."

दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. घोडे नसलेल्या गाड्यांचे दांडे पुढे जमिनीला टेकलेले, जसे कुणी गुडघ्यावर बसून कपाळ टेकलंय. राज्याभिषेकाची सोनेरी गाडी, शिकारीची उघडी गाडी, राजपुत्रांना बागेत फिरवायची बुटकी गाडी, जिला मेंढे जुंपत. काळ्या पडद्यांची, शेवटच्या प्रवासाची एक. चाकांखाली लाकडी पाचरी ठोकलेल्या. धाकटीला वाटलं, पाचरी नसत्या तर या आपल्या आपणच निघाल्या असत्या. आपण आत आलो तेव्हा इथे काहीतरी बोलणं चाललेलं होतं आणि आपल्याला बघून थांबलं, असंही वाटलं. लग्नघरात नको तो पाहुणा आल्यावर बायका थांबतात तसं.

बाप डोळे मिटून वास घेत होता. चामडं, मेण, जुनी लोकर.

"ही सोन्याची पेटी," न बघताच तो म्हणाला. "वळताना रडायची. आत बसणाऱ्याला मळमळायचं. राजे लोक हसऱ्या तोंडाने ओकारी दाबायचे."

"आजोबा, तुम्ही इथले?" पहारेवालीने विणकाम मांडीवर ठेवलं.

"मी कसला इथला. इथले घोडे. मी त्यांच्या मागचा."

धाकटी खुर्ची ढकलत होती. दालनाच्या टोकाला, उजेड जिथे थकून जमिनीवर बसला होता, तिथे एक गर्द हिरवी गाडी होती. चारी बाजूंनी बंद, काचेच्या खिडक्यांची, दारावर पिवळी वेल. गाडी डाव्या अंगाला झुकलेली. फार नाही, भिंतीवरची तसबीर कलते तेवढीच, की एकदा दिसलं की नजरेला दुसरं काही दिसत नाही.

"ही अशीच," पहारेवाली मागून आली. "मोठमोठे कारागीर आले, कमानी तपासल्या, चामडी पट्टे नवे घातले. सरळ करून गेले की सकाळी पुन्हा डावीकडे. एकाने खाली लाकडाचा ठोकळा दिला. तो चेपला. आता म्हणतात, लाकूड वाकलंय. असेल. मी आपली हिच्याकडे पाठ करून बसत नाही."

धाकटीने बापाकडे पाहिलं. बापाच्या मुठी गुडघ्यांवरून वर आल्या होत्या.

हीच ती. आता थोरलीने सांगितलं तसं करायचं. धाकटीने खुर्ची दारापाशी नेली, खाली वाकली आणि लहान मुलाला विहिरीत चंद्र दाखवावा तशा आवाजात म्हणाली, "बाबा, बघा. आत बघा एकदा. रिकामी आहे."

बाप समोर बघत राहिला. मान सुताएवढी वळली नाही.

"बाबा."

"मला माझ्या जागी ने."

"तुमची जागा वर आहे. तिथे मी तुम्हाला कशी चढवू?"

"मग तिच्या खाली. पुढे. पाठ नीट सरळ लाव."

धाकटीने पहारेवालीकडे पाहिलं. मध्ये दोरी होती. पहारेवालीने कड्यातून दोरी काढली, विणायच्या सुया काखेत मारल्या आणि म्हणाली, "माझी चहाची वेळ झाली. मी इथे नाही. मी नसताना कुणी काय केलं ते मला काय माहीत." आणि मोज्यांच्या पायांनी ती चालू लागली.

खुर्ची गाडीच्या पुढे लागली, दांड्याच्या मुळाशी. गाडीकडे पाठ. बापाने मुठी उचलल्या, पाठीचा कणा एकेक मणी ओवावा तसा सरळ केला. आणि समोरच्या रिकाम्या दालनाकडे बघत, लेकीला कधी न सांगितलेलं सांगू लागला.

"मागे बघायचं नाही म्हटल्यावर माणूस ओळखायचा कसा? वजनाने. कुणी पायरीवर पाय दिला की गाडी दबते. तो दाब बैठकीतून वर येतो, इथे, कमरेला कळतो. थोरले महाराज बसले की घोडेसुद्धा पाय रोवायचे. दिवाणजी उडी मारून बसायचे, धसकन. आणि धाकट्या राणीसाहेब..." तो थांबला. "झाडाच्या फांदीवर पाखरू बसतं ना, तशा. नेहमी डावीकडे. एकदा पाखरू जरा जड लागलं. राजवाड्यात कुणाला माहीत नव्हतं तेव्हा मला माहीत होतं, की त्या दोन जिवांच्या आहेत. मग एकदा पुन्हा हलक्या झाल्या. पाळणा काही हलला नाही. ते पण मला पाठीनेच कळलं."

धाकटीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला तो कळला की नाही कोण जाणे.

"बसल्या की आतून समोरच्या फळीवर अंगठीने दोनदा वाजवायच्या. टक, टक. मग मी हाकायचो. एकदा वाजलं तर थांबायचं. पडद्याआडचं माणूस कोचमनशी बोलत नाही, म्हणून ही खूण. माझ्याशी त्यांचं आयुष्यभरात बोलणं झालं ते एवढंच. टक आणि टक."

"पुढे?"

"त्यांना माहेरी जायची परवानगीच नव्हती. लग्न होऊन आल्या त्या आल्या. किती वर्षं सगळीकडे नेलं मी त्यांना, देवळात नेलं, दरबारात नेलं, लोकांच्या लग्नांना नेलं. नदीच्या पुलाशी आलो की आत सगळं गप्प व्हायचं. पुलापलीकडे त्यांचं गाव. आणि मग एका सकाळी हुकूम आला, गाडी जोड, राणीसाहेब माहेरी जाणार. आजारी होत्या. मला वाटलं, बरं झालं, तिकडची हवा लागेल. मी घोड्यांची आयाळसुद्धा विंचरली त्या दिवशी. गाडी पायऱ्यांशी लावली आणि बसलो."

दालनाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी कप-बशीचा आवाज झाला आणि विरला.

"दार उघडल्याचा आवाज आला नाही. पण गाडी दबली. डावीकडे. पाखरू बसलं. मी लगाम उचलले आणि खुणेची वाट बघत राहिलो. खूण होईना. वर राजवाड्यात रडारड सुरू झाली. घोड्यांचा मोतद्दार धावत आला, म्हणाला, उतर, राणीसाहेब गेल्या, पलंगावरच गेल्या, जिन्यापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. मी म्हटलं, हळू बोल. मागे माणूस बसलंय."

धाकटीने वळून गाडीच्या काचेकडे पाहिलं.

"संध्याकाळी मला धरून खाली काढलं. घोडे सोडले. गाडी ढकलत पागेत आणून लावली, ती तेव्हापासून लावलेली. कुणी म्हणालं वेड लागलं, कुणी म्हणालं चढली असेल. मी काही बोललो नाही. पण धाकटे, माहेराला निघालेलं माणूस मी दारात बसवून ठेवलंय. कसा आडवा होऊ?"

धाकटी गाडीच्या दाराशी गेली. काच अर्धी खाली उतरलेली होती. आत निळी गादी, फिकट झालेली. उजव्या बाजूला धूळ अशी बसली होती जशी सायीवर साय. डाव्या बाजूला धूळ नव्हती. गादी तिथे किंचित खोल होती, उबेसाठी मांजर बसून नुकतंच उठून गेल्यासारखी. किंवा उठून न गेल्यासारखी.

तिने गाडीच्या डाव्या अंगाखाली हात घातला. वर उचलायला म्हणून नाही. ते तिचं रोजचं काम होतं, काखेत हात घालावा आणि किती उरलंय ते बघावं. लाकडाखाली, पट्ट्यांच्या ताणात, एक वजन होतं. लाकडाचं नव्हे, लोखंडाचं नव्हे. जे स्वतःला सावरून बसतं, ते वजन. तिच्या हातांनी कधी चूक केली नव्हती.

तिने हात काढून घेतला. आता आत कुणी नाही असं ती थोरलीला फोनवर सांगू शकणार नव्हती.

आणि मग तिला उमजलं, की बापाला दाखवायला काही नव्हतंच, फक्त ऐकवायला होतं. दोन टक. एवढ्याशासाठी हा माणूस अर्धं आयुष्य मुठी वळून बसला. ती रोज सकाळी पत्र्यावरच्या दोन थापांवर गाडी सोडते. तिला तर हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं.

तिने अर्ध्या काचेतून हात आत घातला. आत हवा वेगळी होती, बंद पेटीतल्या रेशमासारखी. समोरची फळी बोटांना लागली. तिने मधलं बोट दुमडलं आणि वाजवलं.

टक.

पुढे खुर्चीत बापाची पाठ ताठ झाली. मुठी आवळल्या.

दुसरी वाजवायला बोट उचललं आणि तिथेच राहिलं. तिला एकदम दिसलं, की बाप ज्यावर टिकून आहे ते हेच. सुजल्या पायांवर नाही, तिच्या पेजेवर नाही, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांवर नाही. या वाट बघण्यावर. तोच त्याचा कणा. दुसरी टक झाली की हा निघेल. निघेल म्हणजे निघेल. मग त्या घरात भिंतीपासून हातभर लांब एक खुर्ची राहील, आणि काखेत हात घालायला कुणी राहणार नाही.

बोट हलेना. जिवाला पटलेलं हाताला पटेना.

पुढून बापाचा आवाज आला. इतका बारीक की तो त्याचा वाटला नाही.

"थांबू?"

एक टक म्हणजे थांब. तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"अजून थांबायचं?"

त्या विचारण्यात तक्रार नव्हती. हुकूम झाला तर तो थांबला असता. भिंतीकडे तोंड करून, मुठी धरून, पाय भोपळे होऊन फुटेपर्यंत. तिने बोट पुन्हा दुमडायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं, फळी दिसेनाशी झाली.

टक.

ती तिची नव्हती. तिचं बोट अजून हवेत होतं. हाडाचा आवाज बोदा येतो. हा लख्ख होता, धातूचा, लहान. तिच्या मनगटाच्या लवेवरून काहीतरी गेलं, अंगावरून पदर जावा तसं, आणि मागे सरकून पुन्हा नीट बसलं.

धाकटीने हात काढला नाही. घाबरायलासुद्धा तिला उशीर झाला होता.

"आता कसं," बाप म्हणाला. त्याने जीभ टाळूला लावून चुटचुट केली, मनगटं सैल सोडली, आणि निघाला.

खुर्ची जागची हलली नाही, गाडी हलली नाही, पाचरी होत्या तिथे होत्या. पण बापाचे हात चालत होते. डावा लगाम ओढून त्याने राजवाड्याच्या मोठ्या दारातून गाडी काढली. उताराला मागे रेलला. "हळू," म्हणाला, "हळू, राजा, इथे बाजार असतो." पुढे कुठेतरी चढ लागला असावा, कारण तो पुढे वाकला आणि घोड्यांना गोड बोलला. हिरवी गाडी आतल्या आत बारीक कुरकुरत होती, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी. आणि मग तो गाऊ लागला. लहानपणी लेकींना निजवताना म्हणायचा तेच, तुटक्या, फाटक्या, उबदार आवाजात.

*बसणाऱ्याला गाव मिळे, हाकणाऱ्याला वाट,*
*घोड्याच्या डोळ्यामध्ये निजे अर्धी पहाट.*

"पूल आला, राणीसाहेब," तो म्हणाला. उत्तराची वाट त्याने बघितली नाही. पुलावरून जाताना त्याचे खांदे बदलले, लाकडी फळ्यांवरून चाकं गेली की बदलतात तसे. पूल संपला. पलीकडे धाकटीला काही माहीत नव्हतं. बापालाही माहीत नव्हतं, तो तिकडे कधी गेलाच नव्हता. पण हात वळण घेत होते. एकदा उजवीकडे. एकदा लांबवर सरळ. मग त्याने दोन्ही मुठी छातीशी ओढल्या, हळूच, आतल्या माणसाला हिसका बसू नये म्हणून.

"पोचलो."

हिरवी गाडी उठली. कमानींनी लांब श्वास सोडला, चामडी पट्टे करकरले, आणि डावं अंग वर आलं. फांदीवरून पाखरू उडालं की फांदी येते तसं. मग गाडी सरळ, स्थिर, रिकामी उभी राहिली. दारावरची पिवळी वेल तिला पहिल्यांदा नीट, आडवी दिसली.

बापाने मुठी उघडल्या. बोटं उघडायला वेळ लागला, गंजलेल्या बिजागऱ्यांना लागतो तसा. आणि मग त्याने मान वळवली. मणके वाजले. खांद्यावरून, पुरती, मागे. गाडीकडे त्याचं लक्षच गेलं नाही. तो लेकीकडे बघत होता.

"उतरल्या?"

"उतरल्या, बाबा."

"घरचे होते दारात?"

धाकटीने सरळ झालेल्या गाडीकडे पाहिलं. मग तिने सांगितलं, "दिवा लावून उभे होते."

त्याने समाधानाने मान हलवली. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला, ओळख पटवल्यासारखा. "किती पिकलीस गं तू," तो म्हणाला. "आणि मी समजत होतो मागे लहान पोर बसलंय."

पहारेवाली चहाचा पेला घेऊन परत आली, आणि दोरीपाशीच थांबली. तिने गाडीकडे पाहिलं, मग दोघांकडे. डोकं एका बाजूला कलवून पुन्हा पाहिलं.

"सरळ झाली ही?"

"माहेरी गेल्या," बाप म्हणाला.

पहारेवालीने पेला बापाच्या हातात दिला. स्टूल उचलून आणलं आणि कितीतरी दिवसांनी हिरव्या गाडीकडे पाठ करून बसली.

त्या रात्री बाप आडवा झाला. खुर्ची धाकटीने खोलीकडे वळवून ठेवली. फोनवर थोरली म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, रिकामी बघितली की उतरेल." धाकटी म्हणाली, "हो ताई, तू म्हणालीसच तसं." पायांची सूज ओसरली. बाप हलका होत गेला, सकाळच्या धुक्यासारखा, आणि पानं गळायच्या दिवसांत एका दुपारी, पाठ टेकलेली, मुठी उघड्या, असा गेला. धाकटी तेव्हा बसवर होती. घरी आली, काखेत हात घातले, आणि हातांना कळलं.

बरेच दिवस ती बस नुसती चालवत राहिली. पोरं चढली, पोरं उतरली.

मग एका सकाळी ती गाडी शेडमधून काढत होती. बस रिकामी होती, मदतनीस बाई पुढच्या चौकात चढायची होती. दार उघडं टाकून ती इंजिन तापवत बसली होती आणि गाडी जराशी दबली. दाराच्या पायरीवर. मग आत. मग तिच्या बैठकीच्या बरोबर मागच्या बाकावर ते वजन टेकलं, सावरून बसलं.

ओल्या ब्लँकेटएवढं.

डोक्यावर लांब आरसा होता. धाकटीने वर हात केला आणि न बघता तो छताकडे वळवला. दोन्ही हात चाकावर ठेवले, पाठ सरळ केली, आणि समोरच्या रस्त्याकडे बघत, दुसऱ्या टकेची वाट बघत राहिली. पहिली मागून, बाकाच्या दांडीवर, नुकतीच झाली होती.